मार्चमधली गावसभा आणि क्रॉयडनच्या शाळेचं बजेट

न्यू हॅम्पशायर, अमेरिका
१५ जानेवारी २०२६

ती. भाऊकाका यांस,
शि. सा. नमस्कार.

संक्रांतीच्या तुम्हा सगळ्यांना शुभेच्छा. काकूंना माझा नमस्कार सांगा.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या होत्या. इथली छोटी गावं लाल की निळी, म्हणजे रिपब्लिकन की डेमोक्रॅट, ही एक. आणि मुक्ता आता नागरिक झाली आहे, तर तिनं मत कुठं आणि कसं द्यायचं, ही दुसरी. दोन्हींबद्दल लिहितो. पहिल्या प्रश्नाला जरा जास्त जागा लागेल, कारण टीव्हीवरच्या नकाशातल्या रंगावरून इथल्या गावाचं राजकारण कळत नाही. नोव्हेंबरात लोक राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर, आमदार निवडतात. पण गावातल्या माणसाची घरपट्टी किती, शाळेला पैसे किती, बर्फात रस्त्यावर टाकायच्या मिठाला किती, अग्निशमनाची गाडी यंदा घ्यायची की नाही, हे सगळं मार्चमध्ये ठरतं. आणि मार्चमध्ये मतदानाला फार थोडी माणसं येतात. तुम्ही ग्रामपंचायतीत दोन वेळा निवडून आलात आणि ग्रामसभेला माणसं गोळा करताना किती पायपीट होते ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून बारकाव्यांसह लिहितो.

आधी पैशाचं. या राज्यात १३ शहरं आणि २२१ गावं आहेत. कामाच्या पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही, सर्वसाधारण विक्रीकरही नाही. व्याज आणि लाभांशावर एक कर होता, तोही १ जानेवारी २०२५पासून बंद झाला. त्यामुळे गावाचा आणि शाळेचा बराचसा भार घरपट्टीवर पडतो. घरपट्टीच्या दरात चार हिस्से असतात: गावाचा, स्थानिक शाळेचा, राज्याच्या शिक्षणकराचा आणि काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा. बहुतेक ठिकाणी सगळ्यात मोठा हिस्सा शाळेचा. दर सांगतात तो दर हजार डॉलर मूल्यांकनामागे. समजा गावातल्या सगळ्या घरा-जमिनींचं मूल्यांकन २० कोटी डॉलर आहे आणि सभेत खर्च १ लाख डॉलरनं वाढला. म्हणजे दर हजारी ५० सेंट वाढले, आणि ३ लाख डॉलर मूल्यांकनाच्या घराला वर्षाचे १५० डॉलर जास्त आले. हे गणित सभेत प्रत्येकाच्या डोक्यात असतं. सेवानिवृत्त माणसाचं उत्पन्न ठरलेलं, त्याला ते १५० डॉलर टोचतात. तरुण जोडप्याला मुलाच्या वर्गात शिक्षक हवा असतो. गावातली खरी फूट या रेषेवर पडते आणि पक्षाची रेषा तिला बरेचदा आडवी छेदून जाते. नोव्हेंबरात डेमोक्रॅट उमेदवाराला मत देणारी आजी मार्चमध्ये शाळेच्या नव्या इमारतीविरुद्ध हात वर करते, आणि पक्का रिपब्लिकन असलेला स्वयंसेवक अग्निशामक नव्या गाडीसाठी उभा राहून बोलतो.

गावाचा कारभार सिलेक्ट बोर्ड पाहतं. त्यात तीन किंवा पाच सदस्य, मुदत तीन वर्षांची, पण सगळे एकदम बदलत नाहीत. दरवर्षी एक-दोन जागा भरतात. शिवाय गावाच्या नोंदी ठेवणारा टाउन क्लार्क, खजिनदार, ग्रंथालयाचे आणि स्मशानभूमीचे विश्वस्त, मतदारयादीचे तीन पर्यवेक्षक, आणि काही गावांत तर रस्ते सांभाळणारा रोड एजंटसुद्धा निवडून येतो. मतपत्रिकेवर या पदांपुढे पक्षाचं नाव नसतं. यंदा उमेदवारी अर्ज २१ ते ३० जानेवारीपर्यंत आहेत. एखाद्या पदासाठी कुणीच अर्ज भरला नाही, तर मतपत्रिकेवरच्या कोऱ्या ओळीवर लोकांनी हातानं लिहिलेल्या नावांपैकी ज्याला जास्त मतं तो निवडून येतो. छोट्या गावात बोटांवर मोजता येतील इतक्या मतांवर असा माणूस पदावर बसू शकतो, म्हणून रिकाम्या जागेकडं दुर्लक्ष करणं महागात पडतं.

या सगळ्याहून मोठी सत्ता गावसभेची. आपल्याकडं ग्रामसभेपुढं अंदाजपत्रक ठेवलं जातं, चर्चा होते. इथं सभाच गावाचं विधिमंडळ असते. तिनं मंजूर केल्याशिवाय बोर्डाला पैसा उभा करता येत नाही, आणि तिनं कापला की तो कापलाच.

निवडणुकीचा दिवस मार्चचा दुसरा मंगळवार, यंदा १० मार्च. कामकाजाची सभा त्याच दिवशी किंवा आसपासच्या एखाद्या शनिवारी. सभेत काय येणार ते वॉरंट नावाच्या विषयपत्रिकेत लिहिलेलं असतं. ते किमान १४ दिवस आधी सभेच्या जागी आणि गावातल्या आणखी एका सार्वजनिक ठिकाणी लावावंच लागतं. प्रत्येक विषय म्हणजे एक आर्टिकल. बोर्ड आपली आर्टिकल्स घालतं, पण सामान्य मतदारही घालू शकतो. त्यासाठी नोंदणीकृत मतदारांच्या २५ सह्या लागतात. फार छोटं गाव असेल तर मतदारसंख्येच्या २ टक्के चालतात, पण १०पेक्षा कमी कधीच नाही. हा अर्ज सभेच्या आधीच्या पाचव्या मंगळवारपर्यंत, म्हणजे यंदा ३ फेब्रुवारीपर्यंत बोर्डाकडं पोचला पाहिजे. जाणकार लोक ३५-४० सह्या घेतात, कारण सही करणाऱ्यांपैकी काहींची नावं यादीत नसतात, काही शेजारच्या गावचे निघतात, आणि २४ सह्या उरल्या की अर्ज बाद होतो. दुसरी चूक भाषेची होते. किती रक्कम, कशासाठी, पैसा कुठून, हे आर्टिकलमध्ये नेमकं नसेल तर सभेत त्याचा अर्थ लावण्यातच अर्धा तास जातो. आणि वॉरंटवर नसलेल्या विषयाला सभेत आयत्या वेळी पैसे देता येत नाहीत. ‘इतर कामकाज’ म्हणून शेवटी एक आर्टिकल असतं, त्याखाली चर्चा होते, पण खर्चाचा ठराव झाला तर त्याला कायद्याचं बळ नसतं.

सभा मॉडरेटर चालवतो. तोही दोन वर्षांसाठी निवडून आलेला असतो. दारात मतदारयादीवर नाव तपासून रंगीत कार्ड देतात, मत देताना ते वर धरायचं. मतदार नसलेल्यांना वेगळं बसवतात आणि त्यांना बोलायचं असेल तर सभेची परवानगी लागते. मॉडरेटरचा निर्णय पटला नाही तर सभा बहुमतानं तो फिरवू शकते. शेजाऱ्यासमोर हात वर करायला माणूस कचरतो, त्यासाठी चांगली सोय आहे: हजर असलेल्या पाच मतदारांनी मतदानाआधी लेखी मागणी केली की गुप्त मतदान घ्यावंच लागतं. आणि हात मोजून निकाल सांगितल्यावर लगेच, दुसरं काम सुरू व्हायच्या आत, सात जणांनी शंका घेतली तर तेच मत पुन्हा चिठ्ठीवर घ्यावं लागतं. ‘लगेच’ याला इथं फार महत्त्व आहे. पुढच्या आर्टिकलचं वाचन सुरू झालं की ती संधी गेली.

आणखी एक धोका उशिराचा. दुपार झाली की माणसं पांगतात, आणि मग उरलेल्यांपैकी कुणीतरी सकाळी मंजूर झालेला विषय पुन्हा मतदानाला घ्या म्हणतं. यावर उपाय आहे. महत्त्वाचा ठराव झाला की लगेच ‘हा विषय पुन्हा उघडण्यावर निर्बंध घाला’ असा ठराव मांडून मंजूर करून घ्यायचा. मग तो विषय पुन्हा घ्यायचाच झाला तर किमान सात दिवसांनी, वेगळी सभा भरवूनच घेता येतो. हे ज्यांना माहीत असतं ते आपला ठराव वाचवतात.

पण सगळ्यात मोठी फट वेगळीच आहे. वार्षिक सभेला गणपूर्तीची अटच नाही. आपल्या ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तहकूब सभेला ती अट राहत नाही हे खरं, पण निदान पहिल्यांदा तरी अडथळा येतो. इथं जितके आले तितक्यांची सभा, आणि त्यांचं बहुमत म्हणजे सगळ्या गावाचं मत.

त्यातून काय होतं ते क्रॉयडननं दाखवलं. हे सलिव्हन काउंटीतलं गाव, २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या ८०१. चौथीपर्यंतची लहानशी शाळा गावात आहे. पुढच्या इयत्तांची मुलं शेजारच्या गावांच्या किंवा पालकांनी निवडलेल्या इतर शाळांत जातात आणि त्यांची फी क्रॉयडनचा शाळा-विभाग भरतो. १२ मार्च २०२२, शनिवार, शाळा-विभागाची वार्षिक सभा. शाळा मंडळानं सुमारे १७ लाख डॉलरचं बजेट मांडलं होतं. तेव्हा गावच्याच एका सिलेक्ट बोर्ड सदस्यानं उभं राहून दुरुस्ती सुचवली: १७ लाखांच्या जागी ८ लाख. हिशेब सोपा होता, सुमारे ८० मुलं आणि प्रत्येकी १० हजार डॉलर. दुरुस्ती मतदानाला गेली. बाजूनं २०, विरुद्ध १४. गावाच्या यादीवर ५६५ मतदार होते. त्यांतल्या ३४ जणांनी, म्हणजे १०० पैकी ६ जणांनी, शाळेचं बजेट अर्ध्याहून खाली आणलं.

यात बेकायदा काहीच नव्हतं, भाऊकाका, आणि म्हणूनच ही घटना अभ्यासण्यासारखी आहे. बजेट वॉरंटवर होतंच, त्यातली रक्कम कमी-जास्त करायचा सभेला हक्क आहे. अंदाजपत्रक समिती असलेल्या गावात समितीच्या शिफारशीहून १० टक्क्यांपलीकडं खर्च वाढवता येत नाही, पण खाली आणायला तळ नाही. दुरुस्ती सुचवणाऱ्यानं ती आधी जाहीर करायची सक्तीही नाही. जे घरी राहिले ते ‘बजेट दरवर्षीसारखंच मंजूर होईल’ असं धरून राहिले. दुरुस्ती मांडणारा माणूस फ्री स्टेट प्रोजेक्टशी जोडलेला होता. सरकार कमीत कमी असावं असं मानणाऱ्या २० हजार लोकांनी एकाच लहान राज्यात राहायला यावं, अशी ती चळवळ. तिनं २००३मध्ये न्यू हॅम्पशायर निवडलं. त्यामुळे बाहेरच्या वर्तमानपत्रांनी ‘चळवळ्यांनी गाव बळकावलं’ असं चित्र रंगवलं. मला ते अपुरं वाटतं. चळवळीचे लोक होते हे खरं, पण २० मतांना बहुमत मिळालं ते उरलेल्या ५३१ मतदारांच्या रिकाम्या खुर्च्यांमुळे.

पुढचे दोन महिने जास्त शिकवणारे आहेत. १० हजारांत शेजारच्या गावची फी भागत नव्हती, म्हणजे वरचा फरक पालकांच्या खिशातून जाणार होता. गावच्या शाळेसाठी शिक्षकांऐवजी बाहेरच्या कंपनीच्या स्वस्त, संगणकावरच्या वर्गांचा विचार सुरू झाला. लोकांनी कायदा चाळला. सह्या गोळा करून विशेष सभा मागता येते. पण विशेष सभेत पैशाचा ठराव बदलायचा, तर यादीवरच्या किमान निम्म्या मतदारांनी प्रत्यक्ष मत टाकायला हवं. तेवढं जमणार नसेल, तर वरिष्ठ न्यायालयाकडून आणीबाणी म्हणून परवानगी आणावी लागते. क्रॉयडनला हा आकडा २८३ होता. म्हणजे वार्षिक सभेत ३४ माणसांनी केलेलं बदलायला २८३ माणसं दारात आणायची.

इथं विरोधाची रीतही बदलते, आणि हे तुम्हाला लगेच उमगेल. निम्म्यांची अट असली की कपातीच्या बाजूच्या माणसानं सभेला येऊन ‘नको’ म्हणणं तोट्याचं, कारण त्याच्या येण्यानं २८३चा आकडा जवळ येतो. घरी बसणं हेच त्याचं मत. आणि खरोखरच कपातीच्या बाजूच्या काहींनी तसं आवाहन केलं. बजेट परत आणू पाहणाऱ्यांना त्यामुळे एकच काम उरलं: यादी हातात घेऊन, मत काय आहे ते न विचारता, माणसागणिक फोन करायचे, दारोदार जायचं, ‘तुम्ही या, हवं ते मत द्या, पण या’ असं सांगायचं. यात डेमोक्रॅट होते, रिपब्लिकन होते, कुठल्याच पक्षाचे नसलेले होते. ७ मे २०२२ला विशेष सभा झाली. ३७७ विरुद्ध २ मतांनी मूळ बजेट परत आलं. ५६५पैकी ३७९, दोन-तृतीयांशाहून थोडे जास्त. मार्चमध्ये ३४ आणि मेमध्ये ३७९, गाव तेच आणि यादीही तीच.

शाळेच्या पैशावरून इतकं पेटतं, त्याचं मूळ जुनं आहे. क्रॉयडनजवळचंच क्लेअरमाँट हे शहर राज्याविरुद्ध न्यायालयात गेलं होतं. गरीब गावात मालमत्तेचं मूल्य कमी, म्हणून तेवढाच पैसा उभा करायला दर दुप्पट-तिप्पट लावावा लागतो, ही तक्रार. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९३ आणि १९९७मध्ये सांगितलं की पुरेसं शिक्षण आणि त्याचा पैसा ही राज्याची जबाबदारी आहे. तरी भार गावांवरच राहिला. जुलै २०२५मध्ये त्याच न्यायालयानं राज्य प्रत्येक विद्यार्थ्यामागं देत असलेली मूळ रक्कम, सुमारे ४,१०० डॉलर, अपुरी ठरवली. पैसे वाढवायचे की नाहीत ते विधिमंडळाच्या हातात, आणि तोवर फरक गावाची घरपट्टी भरते. माझ्या मते सभागृहातले शेजारी एकमेकांवर तुटून पडतात ते या न सुटलेल्या गणितामुळे.

खुली सभा नको म्हणून बऱ्याच गावांनी १९९५च्या कायद्याची दुसरी पद्धत घेतली आहे. तिला सगळे एसबी-२ म्हणतात. ती आणायला गावात तीन-पंचमांश मतं लागतात. यात सभेचे दोन भाग पडतात. पहिली चर्चेची सभा जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, यंदा ३१ जानेवारी ते ७ फेब्रुवारीच्या दरम्यान. तिथं आर्टिकल्सवर बोलायचं, दुरुस्त्या करायच्या, अंतिम मत नाही. दुसरा भाग मार्चमधल्या मंगळवारी, मतदान केंद्रावर दिवसभर, गुप्त मतपत्रिकेवर. कामावर जाणारा, लहान मूल असलेली बाई, म्हातारा माणूस, सगळ्यांना सोयीचं. मत टाकणाऱ्यांची संख्या खुल्या सभेपेक्षा चांगलीच वाढते.

पण फट बंद होत नाही, ती सरकते. चर्चेच्या सभेलाही गणपूर्ती नाही, आणि मार्चच्या मतपत्रिकेवर काय छापायचं ते तिथं जमलेले मूठभर लोक ठरवतात. पूर्वी तर आर्टिकलची सगळी वाक्यं खोडून नुसते सुरुवातीचे दोन शब्द ठेवायचे, म्हणजे मार्चमध्ये मत द्यायला काही उरायचंच नाही. २०११पासून कायद्यानं आर्टिकलचा विषयच काढून टाकायला बंदी केली, तरी रक्कम शून्यावर आणणं आजही होतं. दुसरी अडचण पर्यायी बजेटची. मार्चमध्ये बजेट नापास झालं तर गेल्या वर्षीचीच रक्कम लागू होते. करारानं बांधलेले खर्च त्यात धरतात आणि एकदाच होणारे वजा करतात. मतपत्रिकेवर दोन्ही आकडे छापलेले असतात. पुष्कळ मतदार दोन्हींमधला लहान आकडा बघून खूण करतात. काही वर्षी तर पर्यायी आकडाच मोठा असतो आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला नकळत जास्त खर्च पडतो. समोरासमोर प्रश्न विचारून कळून घेण्याची जागा मतपत्रिकेवर नसते. मोठ्या कर्जाला, म्हणजे बाँडला, एसबी-२ गावात ६० टक्के मतं लागतात, म्हणून शाळेच्या इमारती ५७-५८ टक्के मिळूनही पडतात.

मला विचाराल तर हजारभर वस्तीच्या गावाला खुली सभा जास्त शोभते, पण वार्षिक सभेत बजेट ठराविक टक्क्यांहून जास्त कापायचं असेल तर गणपूर्तीची अट हवी. वाढीला १० टक्क्यांचं कुंपण आहे, मग कपातीला का नसावं? मोठ्या गावात मात्र एका सभागृहात सगळे मावतच नाहीत, तिथं मतपत्रिकेला इलाज नाही.

आता नोव्हेंबरचं. इथल्या मतदाराची एक सवय आपल्याकडच्यापेक्षा अगदी वेगळी आहे: एकाच मतपत्रिकेवर तो पक्ष बदलत जातो. एका खुणेत सगळी मतं एका पक्षाला द्यायची सोय २००७मध्येच काढून टाकली, त्यामुळे प्रत्येक पदाला वेगळी खूण करावी लागते. २०२०मध्ये बायडन यांना राज्यात जवळपास ५३ टक्के मिळाले, त्याच दिवशी रिपब्लिकन गव्हर्नर सुनुनू यांना ६५ टक्के, आणि राज्याची दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडं गेली. २०२४मध्ये हॅरिस यांना ५०.७ आणि ट्रम्प यांना ४७.९ टक्के, वॉशिंग्टनला जाणारे दोन्ही प्रतिनिधी डेमोक्रॅट, पण गव्हर्नर रिपब्लिकन केली एयोट आणि राज्याच्या प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन २२२, डेमोक्रॅट १७८. या प्रतिनिधिगृहात ४०० सदस्य आहेत, साधारण ३,४०० लोकांमागे एक. त्यांचं मानधन वर्षाला १०० डॉलर. त्यामुळे आमदार हा ओळखीतलाच कुणीतरी असतो आणि लोक त्याला पक्षापेक्षा माणूस म्हणून तोलतात. नोंदणीतही दहातले जवळजवळ चार मतदार कुठल्याच पक्षाचे नाहीत. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत असा मतदार केंद्रावर जाऊन दोनपैकी एक मतपत्रिका मागतो. मागितली की तो त्या पक्षात नोंदला जातो. मत टाकून बाहेर पडताना पर्यवेक्षकांच्या टेबलावर एक फॉर्म भरला की पुन्हा मोकळा. फॉर्म विसरला तर पुढच्या वेळी दुसऱ्या पक्षाची मतपत्रिका मागता येत नाही, आणि मग केंद्रावर वाद होतात.

मोजणीबद्दल तुमच्या मनात ईव्हीएमची शंका असते, म्हणून विंडहॅमचं सांगतो. इथं मत कागदावरच देतात. लहान गावं हातानं मोजतात, मोठी कागद यंत्रात घालून. १५ हजारांच्या आसपास वस्तीच्या विंडहॅममध्ये २०२०ला चार आमदारांच्या जागांची मोजणी झाली आणि एक डेमोक्रॅट उमेदवार २४ मतांनी हरली. तिनं फेरमोजणी मागितली. हातानं मोजल्यावर तिची ९९ मतं कमी झाली आणि चारही रिपब्लिकनांची सुमारे ३००-३०० वाढली. देशभर संशयाचा धुरळा उडाला. मे २०२१मध्ये उघड तपासणी झाली तेव्हा कारण सापडलं ते घड्यांचं. टपाली मतपत्रिका लिफाफ्यात घालायला घडी करण्याचं यंत्र वापरलं होतं आणि त्याची घडी नेमकी तिच्या नावाशेजारच्या गोलातून गेली. यंत्रानं घडीची सावली ही खूण धरली. ज्यानं चारही रिपब्लिकनांना मत दिलं होतं त्याच्या खुणा पाच झाल्या, म्हणून चारही मतं बाद. ज्यानं चारांहून कमी खुणा केल्या होत्या, त्याच्या कागदावर तिला फुकटचं मत मिळालं. कागद जपून ठेवलेला होता म्हणून हे उलगडलं.

आता मुक्ताचं. ती हडसनला राहते, म्हणजे एसबी-२ गाव. तिनं जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला होणाऱ्या चर्चेच्या सभेला जावं आणि १० मार्चला मत द्यावं. नोंदणी टाउन क्लार्कच्या कचेरीत आधी होते, आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावरही होते. पण ११ नोव्हेंबर २०२४पासून नियम कडक झाले आहेत. नव्या मतदाराला नागरिकत्वाचा कागद दाखवावाच लागतो. पूर्वीसारखं प्रतिज्ञापत्रावर भागत नाही. अमेरिकेचा पासपोर्ट सगळ्यात सोपा, नाहीतर नागरिकत्वाचं प्रमाणपत्र. सोबत फोटो असलेलं ओळखपत्र आणि हडसनच्या पत्त्याचा पुरावा.

अडतं ते नावावर. गेल्या मार्चमध्ये लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांना काही केंद्रांवरून कागद आणायला परत पाठवलं गेलं. तिच्या एका कागदावर माहेरचं आडनाव आणि लायसनवर सासरचं असं असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला लागेल. तिचा पासपोर्ट अजून आलेला नसेल तर तेवढं काम तुम्ही करा: लग्नाची नोंद जिथं झाली त्या कचेरीतून नमुना ‘ई’मधल्या दाखल्याची शिक्क्याची प्रत काढा. नावांचं स्पेलिंग इंग्रजीत आहे ना, आणि मधलं नाव कागदोकागदी जुळतं ना, ते बघून घ्या. मूळ प्रत कुरियरनं पाठवा, फोटो व्हॉट्सॲपवर आधी टाका. तिला शक्य तितक्या लवकर क्लार्कच्या कचेरीत जायला सांगा, म्हणजे काही कमी पडलं तर वेळ हाताशी राहील. मतदानाच्या दिवशी रांगेत कळलं की कागद अपुरा आहे, तर संध्याकाळपर्यंत घरी जाऊन येणं एवढंच उरतं.

काकूंच्या गुडघ्याचं काय म्हणतात डॉक्टर, ते कळवा. लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
सुहास